झोपेतले दडपण

झोपेतले दडपण, वैद्यकीय भाषेत स्लीप पॅरालिसिस, ही मन जागे झालेले असताना शरीर झोपेतच राहून गेल्याची अवस्था आहे. डोळे उघडलेले असतात, खोली ओळखू येते, भिंतीवरचे कॅलेंडर आणि शेजारी झोपलेले माणूस जागच्या जागी दिसते. पण हात उचलत नाही, मान वळत नाही, हाक मारायची तर घशातून आवाज फुटत नाही. बऱ्याचदा छातीवर ओझे जाणवते, श्वास पुरत नाही असे वाटते आणि खोलीत आणखी कुणीतरी आहे याची पक्की खात्री पटते. हे सगळे काही सेकंद, क्वचित काही मिनिटे टिकते. मग एखादे बोट हलते किंवा कुणाचा स्पर्श होतो आणि शरीर एकदम मोकळे होते. हा अनुभव सांगताना ‘अंगावर बसलं होतं’, ‘झोपेत दाबलं’ असे म्हटले जाते. या वाक्यांना कर्ता नसतो. कोण बसले, कुणी दाबले, हे सांगणारा सांगत नाही. ती जागा ऐकणारे भरतात. झोपेतल्या दडपणाने जे काही नुकसान होते त्यातले बरेचसे या रिकाम्या जागेतून होते.

हा अनुभव दुर्मीळ नाही. अमेरिकेतील शार्पलेस आणि बार्बर या संशोधकांनी २०११ मध्ये निरनिराळ्या देशांतले ३५ अभ्यास एकत्र करून ३६ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. सर्वसाधारण लोकसंख्येत ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असे दडपण आलेले होते. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २८.३ टक्के आणि मानसिक आजारांवर उपचार घेणाऱ्यांमध्ये ३१.९ टक्के निघाले. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्या असलेल्या मराठवाड्यातल्या छत्रपती संभाजीनगर शहराला यातले सर्वांत लहान प्रमाण लावले, तरी आकडा नव्वद हजारांच्या आसपास जातो. ही मोजणी नव्हे, नुसता हिशेब आहे. पण जो अनुभव माणूस आपल्या एकट्यावरच ओढवला असे समजून दडवून ठेवतो, तो त्याच्या गल्लीत आणखी किती घरांत असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

त्याचे कारण झोपेच्या रचनेत आहे. १९५३ मध्ये शिकागो येथे यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक काळाने डोळ्यांची बुबुळे पापण्यांखाली भराभर हलू लागतात आणि त्या काळात उठवलेली माणसे बहुधा स्वप्न पडत असल्याचे सांगतात. या झोपेला रेम झोप म्हणतात. साधारण नव्वद मिनिटांच्या एका फेऱ्यात ती एकदा येते. रात्रीच्या सुरुवातीला थोडी आणि पहाटेकडे जास्त. १९५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिशेल जूवे यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत पाहिले, की या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतका काम करत असतो, पण शरीराचे स्नायू पूर्ण सैल पडतात. मेंदूच्या देठातून मज्जारज्जूकडे थांबण्याचे संदेश जातात, ग्लायसिन आणि गाबा ही रसायने स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशींना गप्प करतात, आणि स्वप्नात धावणाऱ्या माणसाचे पाय अंथरुणात स्थिर राहतात. ही सोय नसती तर स्वप्नातली प्रत्येक मारामारी शेजारी झोपलेल्याच्या अंगावर आली असती. दडपण येते तेव्हा या यंत्रणेत फक्त वेळेची चूक झालेली असते. जाग आधी येते आणि स्नायूंवरचा बंध काही क्षण उशिरा सुटतो.

छातीवरच्या ओझ्याचाही उलगडा इथेच होतो. रेम झोपेत श्वासपटल काम करत राहते, म्हणून श्वास थांबत नाही. पण बरगड्यांमधले आणि मानेचे जे स्नायू खोल श्वासासाठी लागतात तेही सैल पडलेले असतात. घाबरलेला माणूस मोठा श्वास घ्यायला जातो आणि छाती फुगत नाही. जागेपणी छाती फुगत नाही ती तिच्यावर वजन असले तरच. त्यामुळे मेंदू त्या अडथळ्याचा अर्थ वजन असा लावतो. खोलीतल्या ‘कुणीतरी’चा उगमही मेंदूतच आहे. रेम झोपेत धोका ओळखणारे भाग जागे असतात, आणि आपले शरीर कुठे संपते व दुसऱ्याचे कुठे सुरू होते याचा ताळमेळ ठेवणारा भाग गोंधळलेला असतो. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी फेफऱ्याच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूतल्या याच भागाला सौम्य विद्युत्‌प्रवाह दिला. तेव्हा तिला आपल्या पाठीमागे कुणीतरी सावलीसारखे आहे, आपण करतो तशीच हालचाल तेही करत आहे, असे जाणवले. प्रवाह बंद केला की सावली नाहीशी होई. कॅनडातील जेम्स चेन यांनी १९९९ मध्ये शेकडो अनुभवांची वर्गवारी केली तेव्हा त्यात तीनच मुख्य गट मिळाले: खोलीत कुणी शिरल्याची जाणीव, छातीवर बसून गुदमरवणारे काही, आणि आपण तरंगत किंवा शरीराबाहेर जात असल्याचा भास.

इथे मराठी भाषेतली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भीती सांगण्यासाठी मराठी माणूस शरीर थांबल्याचे वर्णन करतो. भीतीने बोबडी वळते, दातखीळ बसते, हातपाय गळतात, जीभ टाळूला चिकटते, पाय जागीच खिळतात. या प्रत्येक वाक्प्रचारात क्रम ठरलेला आहे: आधी भीती, मग हालचाल थांबणे. जागेपणीच्या आयुष्यात हा क्रम खराही असतो. झोपेतल्या दडपणात मात्र तो उलटतो. शरीर आधी थांबलेले असते आणि भीती नंतर येते. पण माणसाला सवय पहिल्या क्रमाची असल्यामुळे तो थांबलेल्या शरीरावरून मागे जाऊन भीतीचे कारण शोधतो. ज्या अर्थी हातपाय गळाले आहेत, त्या अर्थी समोर काहीतरी भयंकर असलेच पाहिजे, असा तो तर्क आहे. भूत जन्मते ते या तर्काच्या शेवटी. तर्क मूर्खपणाचा नाही. इतर सगळ्या प्रसंगी उपयोगी पडलेला नियम एका वेगळ्या प्रसंगाला लावला गेला, एवढीच त्यातली चूक आहे. अंगावर बसण्याचा अनुभव आलेल्या माणसाला अडाणी किंवा भित्रा ठरवणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. हे केवळ मेंदूचे खेळ असतील तर एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांना सारखेच काही कसे दिसते? जपानमध्ये या अवस्थेला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूने जखडल्यासारखे बांधले जाणे. तुर्कस्तानात करबसान, म्हणजे काळे दाबणारे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारी चेटकीण छातीवर बसते. हेन्री फ्युझेली या चित्रकाराने १७८१ मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात उताण्या झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर एक बुटके भूत उकिडवे बसलेले आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी न्यूफाउंडलंडच्या चेटकिणीवर काम करून १९८२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा, की ज्यांनी या परंपरेविषयी कधी ऐकलेही नव्हते अशा लोकांनाही हाच अनुभव येतो. म्हणजे लोकांनी गोष्टी ऐकल्या म्हणून त्यांना तसे दिसले, हे सोपे उत्तर पुरत नाही. साम्य खरे आहे. पण त्या साम्याचे कारण शोधायला परलोकात जाण्याची गरज नाही, कारण पैठण, टोकियो आणि इस्तंबूल इथल्या माणसांचे श्वासपटल आणि मेंदूचे देठ एकच आहेत. परंपरा बदलते तशी फरक पडतो तो भीतीच्या प्रमाणात. २०१३ मध्ये इजिप्त आणि डेन्मार्क येथील लोकांची तुलना झाली. इजिप्तमध्ये, जिथे याचा संबंध जिन्नाशी जोडला जातो, तिथे दडपण अधिक वेळा येत होते, जास्त वेळ टिकत होते आणि त्यात मरणाची भीती अधिक होती. हा दुष्टचक्राचा पुरावा आहे. भीतीमुळे झोप सावध आणि तुटक होते, तुटक झोपेत दडपण पुन्हा येते, आणि पुन्हा आलेले दडपण भुताची साक्ष ठरते.

मराठवाड्यात या अनुभवाला अर्थ देणाऱ्या परंपरा अनेक आहेत आणि त्या सगळ्या एकाच दिशेने जात नाहीत. वाईट स्वप्न दूर व्हावे म्हणून म्हणायची सूक्ते अथर्ववेदात आहेत, म्हणजे भयस्वप्नाचे दुखणे निदान वेदांइतके जुने आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढचे सुचवणारे आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारे. यातली पहिली पाच निष्फळ समजावीत असे चरक सांगतो. भविष्य सांगणारे स्वप्न तो नाकारत नाही, पण बहुतेक स्वप्ने दिवसभराच्या पाहण्या-ऐकण्यातून आणि शरीराच्या स्थितीतून येतात ही जाण त्यात स्पष्ट आहे. आजीच्या सांगण्यातही थोडे निरीक्षण असते. ‘छातीवर हात ठेवून झोपू नकोस, वाईट स्वप्नं पडतात’ हे वाक्य बहुतेक मराठी मुलांनी ऐकलेले असते. हातांनी काही होते असा पुरावा नाही. पण छातीवर हात ठेवून झोपणारा उताणा झोपलेला असतो, आणि उताणे झोपल्यावर दडपण येण्याचे प्रमाण अधिक असते हे अभ्यासांत दिसले आहे.

पैठणच्या एकनाथांचे भुतावरचे भारूड या बाबतीत महत्त्वाचे आहे. सोळाव्या शतकात लिहिणाऱ्या एकनाथांनी देवऋषी, लिंबू, नारळ, कोंबड्याचा उतारा हे सगळे सामान त्या भारुडात आणले आहे, म्हणजे ते तेव्हाही इतकेच परिचयाचे होते. त्यांनी भुताची भाषा तशीच ठेवली आणि शेवट बदलला: जे भूत कुठल्याच उताऱ्याला जुमानत नाही, ते सर्वांठायी भरून राहिलेला देवच निघते. आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास यांच्या मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीत भूत, प्रेत, समंध यांची बाधा जाण्याचे आश्वासन आहे, आणि रात्री घाबरणाऱ्या मुलांकडून ते म्हणवून घेण्याची रीत अजून चालू आहे. छत्रपती संभाजीनगरपासून जवळच असलेल्या खुलताबादेत भद्रा मारुतीची मूर्ती चक्क निजलेली आहे; शनिवारी, विशेषतः श्रावणात, तिथे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. त्याच खुलताबादेत सूफी संतांचे दर्गे आहेत, आणि शहरातल्या मुस्लिम घरांत झोपेतल्या भीतीला ‘साया’ किंवा जिन्न म्हणून झोपण्यापूर्वी आयतुल कुर्सी म्हटली जाते. या दोन्ही प्रथांचा परिणाम एका अर्थाने सारखा आहे. ठरावीक शब्द ठरावीक वेळी म्हटल्याने मन शांत होते, आणि शांत मनाने झोपलेल्याला जाग येताना घाबरण्याचे कारण कमी असते. त्यात कुणाचे काही बिघडत नाही, आणि ते बंद पाडण्याची घाई करणाऱ्यांनी त्या जागी दुसरे काय देणार याचा विचार केलेला नसतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्याच अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात, डावीकडच्या मार्गाच्या भिंतीवर, बुद्धाला ढळवू पाहणाऱ्या माराच्या आक्रमणाचे मोठे शिल्प आहे. चहूबाजूंनी सैन्य, हत्ती, विक्राळ चेहरे, आणि मध्यभागी जमिनीला हात टेकवून बसलेला बुद्ध. त्याच भिंतीवर जवळच सुमारे सात मीटर लांबीचा, कुशीवर निजलेला महापरिनिर्वाणाचा बुद्ध आहे. पाचव्या शतकातल्या शिल्पकारांपुढे झोपेचा आजार नव्हता, त्यांचा विषय वेगळा होता. तरीही समोर भयानक आकृत्या दिसत असताना शरीर न हलणे आणि घाबरणे या दोन गोष्टी सुट्या असू शकतात, हे त्या शिल्पाइतके स्पष्ट या जिल्ह्यात दुसरीकडे कुठे कोरलेले नाही.

परंपरेचा दुसरा प्रवाह मात्र घातक आहे. मुंजा, समंध, हडळ, खवीस, वेताळ अशी भुतांची नावे मराठीत पुष्कळ आहेत, पण नेमके छातीवर बसणाऱ्याला तुर्की भाषेसारखे एकच रुळलेले नाव नाही. त्यामुळे कर्त्याची रिकामी जागा कुणाच्याही नावाने भरता येते. घरात नुकतेच कुणी अकाली गेले असेल तर ते, शेताच्या बांधावरून भांडण असेल तर भावकीतले कुणी, आणि पुष्कळदा एखादी एकटी राहणारी बाई. ‘बाहेरचं झालंय’ पासून ‘कुणीतरी केलंय’ पर्यंतचे अंतर फार थोडे असते. करणी आणि भानामती यांच्या संशयाने मराठवाड्यातल्या गावांत बायकांनी काय सोसले आहे हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे मांडले आहे. या कामात अग्रभागी असलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचे जगणे अशक्य करणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरवले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत आहे. कायद्याने मारणारा हात धरता येतो. रात्री तीन वाजता अंगावर आलेल्या ओझ्याचे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही आणि येऊही शकत नाही.

विवेकाच्या बाजूने बोलणारेही इथे अनेकदा चुकतात. ‘काही नसतं, भास आहे’ असे सांगितले की आपले काम झाले असे त्यांना वाटते. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच कळते की आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ज्याने उघड्या डोळ्यांनी खोली पाहिली आणि हात उचलून पाहिला, त्याला ‘तू स्वप्न पाहिलेस’ हे पटणे शक्य नाही, कारण ते अर्धवटच खरे आहे. तो जागा होता. त्याचे शरीर खरोखर हलत नव्हते. खोल श्वास खरोखर येत नव्हता. चूक होती ती फक्त या सगळ्याला दुसरे कुणी कारण आहे या समजुतीत. देवऋषी निदान अनुभव खरा मानतो, म्हणून माणूस त्याच्याकडे जातो. शरीराचे स्पष्टीकरणही अनुभव खरा मानूनच सुरू झाले पाहिजे. तेवढे केले तर ते देवऋष्यापेक्षा वरचढ ठरते, कारण ते कुणा शेजारणीचे नाव घेत नाही.

भयस्वप्न ही याहून वेगळी गोष्ट आहे, जरी दोन्ही एकाच माणसाला एकाच रात्री होऊ शकतात. भयस्वप्नातून माणूस पूर्ण जागा होतो, हातपाय हलतात, स्वप्न तपशिलासह आठवते. ते बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात, रेम झोप जास्त असताना पडते. लहान मुलांना रात्रीच्या पहिल्या प्रहरात होणारा प्रकार पुन्हा निराळा आहे. मूल गाढ झोपेतून किंचाळत उठून बसते, डोळे उघडे असतात, पण ते कुणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. त्याला हलवून जागे करण्यापेक्षा इजा होणार नाही एवढे पाहून शांत होऊ देणे बरे. वय वाढेल तसा तो बहुधा आपोआप थांबतो. दृष्ट काढल्याने तो थांबला असे घरोघर वाटते, याचे कारणही हेच आहे.

भयस्वप्ने वारंवार पडू लागतात ती पुष्कळदा आघातानंतर. मराठवाड्याच्या आठवणीत असा एक सामूहिक आघात आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र आटोपून गावे झोपली होती. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली आणि हजारो माणसे गेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांतल्या वाचलेल्यांसाठी छातीवरचे वजन ही उपमा नव्हती. अशा आपत्तीनंतर घटना स्वप्नात जशीच्या तशी परत येते, माणूस छपराखाली झोपायला घाबरतो, आणि झोप टाळू लागतो. झोप टाळली की पुढच्या झोपेत रेमचा भाग वाढतो आणि स्वप्ने आणखी तीव्र होतात. भीतीची फेरी इथेही तीच आहे, फक्त तिची सुरुवात खऱ्या घटनेने झालेली असते.

आघात नसतानाही दडपण येते, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण मोडलेली झोप हे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बाबतीत ही गोष्ट झटकून टाकता येत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत पाळ्यांनी काम चालते. रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी झोपतो तेव्हा शरीराच्या घड्याळानुसार रेम झोपेचा भर ओसरलेला नसतो. त्यामुळे तो झोपताच रेममध्ये शिरण्याची शक्यता वाढते. खोलीवर पत्र्याचे छप्पर असेल, बाहेर रहदारी असेल, तर जागही वारंवार येते. रेममध्ये लवकर शिरणे आणि मध्येच जाग येणे, दडपणाला नेमके हेच दोन धागे लागतात. आठवड्याला पाळी बदलली की शरीराला जुळवून घ्यायला वेळही मिळत नाही. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी नाही. कृषिपंपांना वीज रात्री मिळाली की मोटर सुरू करायला आणि पाणी द्यायला मध्यरात्री शिवारात जावे लागते, सापाविंचवाची भीती मनात ठेवून. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली. तिची चर्चा युनिट, मेगावॉट आणि अनुदान यांतच होते. शेतकऱ्याची रात्र त्याला परत मिळते का, हाही तिच्या यशाचा एक निकष असायला हवा. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रात्र काढणाऱ्या मुलामुलींना २८ टक्क्यांचा वरचा आकडा आठवावा. मराठवाड्यातल्या या तिन्ही गटांच्या छातीवर बसते ते बहुतेक वेळा अपुऱ्या झोपेचे देणे असते, आणि हे म्हणणे भुताच्या कथेइतके रोमांचक नसले तरी त्यावर काही करता येते.

ज्याला कधीतरी एकदा दडपण येते त्याला औषधाची गरज नसते. काय घडले ते नीट समजणे हाच पहिला उपचार आहे. ठरावीक वेळी झोपणे, कुशीवर झोपणे, झोपण्यापूर्वी चहा आणि मोबाइल टाळणे याने फरक पडतो. दडपण आलेच तर सगळे शरीर एकदम उचलण्याची धडपड करू नये. त्याने न फुगणारी छाती अधिक जाणवते. श्वास येतो तेवढाच येऊ द्यावा आणि पायाचे एक बोट किंवा जीभ हलवण्याकडे लक्ष द्यावे. शेजारी झोपणाऱ्याला आधी सांगून ठेवलेले असेल तर कण्हण्याचा आवाज ऐकून त्याने हात लावला तरी पुरते.

वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवर सर्वांत चांगला पुरावा असलेला उपचार साधा आहे. स्वप्न दिवसा लिहून काढायचे, त्याचा शेवट हवा तसा बदलायचा आणि बदललेले स्वप्न रोज दहा-वीस मिनिटे मनात घोळवायचे. बॅरी क्राकाव यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर याची चाचणी घेतली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भयस्वप्ने लक्षणीय कमी झालेली दिसली. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाकडूनही मोठ्या अपेक्षा होत्या, पण २०१८ मधल्या मोठ्या चाचणीत माजी सैनिकांना त्याचा उपयोग दिसला नाही. काही रुग्णांना ते अजून दिले जाते. एकनाथांचा हेतू उपचाराचा नव्हता, तरी भूत न नाकारता त्याचा शेवट बदलण्याची त्यांची रीत या उपचाराशेजारी ठेवून पाहावी.

काही वेळा मात्र डॉक्टरकडे जायलाच हवे. दडपणासोबत दिवसा अनावर झोप येत असेल आणि हसताना किंवा रागावताना गुडघे अचानक लटपटत असतील, तर तो नार्कोलेप्सी हा आजार असू शकतो. मेंदूतले हायपोक्रेटिन हे रसायन कमी झाल्याने तो होतो आणि त्यावर औषधे आहेत. मोठ्याने घोरणे आणि घोरताना श्वास थांबणे हा वेगळा आजार आहे. पन्नाशीनंतर एखादी व्यक्ती झोपेत हातपाय झाडू लागली, स्वप्नातली मारामारी प्रत्यक्षात करू लागली, तर स्नायू सैल ठेवणारी यंत्रणाच बिघडलेली असते, आणि तो पुढे होणाऱ्या कंपवाताचा पूर्वसंकेत ठरू शकतो. भयस्वप्ने रक्तदाबाचे किंवा नैराश्याचे नवे औषध सुरू झाल्यावर आली का, दारू एकदम सोडल्यावर आली का, हेही पाहावे लागते. सततची भयस्वप्ने आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या प्रदेशात भयस्वप्नाची तक्रार हसण्यावारी नेणे परवडणारे नाही.

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. छत्रपती संभाजीनगरात १९५६ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे घाटी, आहे आणि तिथे मनोविकार विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. पण यांपैकी कुठेही गेलेला माणूस स्लीप पॅरालिसिस झाला असे सांगणार नाही, आणि विचारले नाही तर बहुधा काहीच सांगणार नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, एवढ्यावर थांबेल. त्याला विचारायचा प्रश्न त्याच्याच भाषेत तयार आहे: झोपेत कुणी अंगावर बसतं का? उत्तर होय आले, की पुढचे प्रश्न कामाच्या पाळीचे, झोपायच्या वेळेचे, घरातल्या मृत्यूचे, चालू औषधांचे आणि हसताना गुडघे लटपटतात का याचे.